किमयाचं पाप

मारुंजी,
सोमवार, १७ मार्च २०२५

प्रिय अक्का,

जय ख्रिस्त. तुझे गुडघे आणि कॉन्व्हेंटमधल्या बाकी सिस्टर बऱ्या असतील असं धरून चालते. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. आता बस वाचत.

इथे ऊन आतापासूनच मी म्हणतंय. पाण्याचे टँकर सुरू झाले. विश्राम हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी येतो तो भांडायच्या तयारीनेच येतो. माझा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. बाथरूममध्ये पाय घसरला, फार काही नाही. स्वयंपाक विश्राम करतो आणि त्याच्या पोळ्या आम्ही मायलेकी मुकाट खातो.

किमयाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं काय झालं, हे तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा विषय बदलला. तर ऐक. जानेवारीत फादर सौरभना भेटले. आपली रविवारची मिस्सा होते त्या हॉलवर हे नवीन फादर आलेत. तरुण आहेत, गोड बोलतात. म्हटलं, बुद्धीने मागे असली तरी चौदा वर्षांची झाली पोर, तिच्याहून लहान मुलं प्रसादाच्या रांगेत जातात आणि ही माझ्या शेजारी हात पुढे करून बसते. कुणी काही ठेवत नाही त्या हातात. फादर म्हणाले, "मेधाताई, किमया निष्पाप आहे. तिला पाप कळत नाही, मग ख्रिस्तप्रसादाआधीचं पापनिवेदन कसलं करणार? ती देवाच्या जवळच आहे. घाई कशाला?"

सगळे हेच म्हणतात गं. तूही म्हणालीस, "ती तर देवदूत आहे." देवदूत म्हटलं की झालं, जेवायला वाढायला नको! माझं डोकंच फिरलं. मी फादरना तिथल्या तिथे यादीच दिली. साखर चोरते. माझा चष्मा मुद्दाम लपवते आणि मी शोधताना हसते. शेजारच्या सृष्टीला चिमटा काढून वर स्वतःच रडते. "हे कळत नाही म्हणता?" फादर हसले. म्हणाले, "हा खोडकरपणा झाला."

मोठं काही माझ्याकडे सांगायला नव्हतं, अक्का. तेव्हा नव्हतं.

त्यानंतर मीही ख्रिस्तप्रसाद घेणं सोडलंय. लेकीला ताट नाही तिथे आईने बसू नये. विश्राम म्हणतो, तू देवाशी संप पुकारलायस. पुकारलाय. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तरी पुकारलेलाच आहे.

घरमालकीण अंबाबाई खाली शेळ्या बांधतात, त्यांच्याबद्दल तुला सांगितलंय. परवा मी जिन्यावरून सावकाश उतरत होते, तर म्हणतात कशा, "बाय, आता कठड्याला धरून उतरत जावा. त्या दिशी म्या हितंच व्हते. समदं बगितलंय. लेकराला राग येतोयच की! कुणाला सांगत न्हाई म्या."

तुझ्या लक्षात आलंच असेल. बाथरूम नव्हतं, जिना होता.

मिस्सेनंतर पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांचा वर्ग भरतो. त्या रविवारी किमया आपली आपण जाऊन पुढच्या चटईवर बसली होती, मांडी घालून, हात जोडून. मला ते बघवेना. दंडाला धरून उठवलं, म्हटलं, "चल घरी, आपल्याला नको यांचं काही." रस्ताभर ती "नाही, नाही" करत आली. घराच्या जिन्यावर वळली आणि दोन्ही हातांनी मला ढकललं. तोल गेला नाही तिचा, अक्का. माझ्याकडे बघून, रागाने, जोर लावून ढकललं.

खाली पडल्या पडल्या मनात काय आलं असेल? हात मोडला हे नाही. हे अक्काला कळता कामा नये, हे आलं. तुमच्या कॉन्व्हेंटच्या अशा मुलांसाठीच्या होममध्ये जूनला जागा रिकामी होतेय, असं तू नाताळपासून सांगतेयस. हे कळलं असतं तर तू बॅगच भरायला आली असतीस. म्हणून विश्रामलाही बाथरूमच सांगितलं. आणि बघ ना, फादरना हवं होतं ते मोठं पाप आता माझ्या हातावर प्लास्टर होऊन बसलं होतं, आणि ते मलाच लपवायचं होतं! दिवसभर डोक्यात तेच. जेवताना तेच, रोझरी म्हणताना तेच.

काल हॉलच्या कोपऱ्यात फादर पापनिवेदन ऐकायला बसले. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये पडदा. किमया आपणहून रांगेत उभी राहिली. मी ओढलं तर हलेना. तिचा नंबर आला तसा फादरनी डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि "जा बाळा" म्हणाले. ती वळली, माझा चांगला हात धरला आणि मला फरफटत फादरपुढे नेलं.

माझ्या प्लास्टरवर हात ठेवला. मग दोन्ही हातांनी हवेत धक्का दिला. आणि मूठ वळून छातीवर मारू लागली, मिस्सेत आपण "माझा अपराध" म्हणताना मारतो ना, तशी. आपण नुसतं टेकवतो गं. तिचा आवाज येत होता.

मी काय केलं असेल? म्हटलं, "नाही फादर, बाथरूममध्ये पडले मी." किमयाने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मूठ मारली. मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "हो फादर. हिनेच ढकललं. रागाने."

फादर उठून उभे राहिले. मग मला लांब उभं केलं आणि तिला समोरच्या खुर्चीत बसवलं, इतरांना बसवतात तसं. हात वर करून पापक्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून "हे आमच्या बापा" ही प्रार्थना म्हणायला सांगितली. तिला त्यातलं "बापा" एवढंच येतं. तेवढं ती गुडघ्यावर बसून म्हणत राहिली. फादर बाहेर येऊन म्हणाले, "ईस्टरच्या पुढच्या रविवारी ही रांगेत पहिली. आणि मेधाताई, आता तुम्ही बसा. माझ्यासमोर धडधडीत खोटं बोललात." बसले. काय करते!

घरी येऊन विश्रामला सगळं सांगितलं. तो तिच्या शेजारी जाऊन बसला नुसता.

आता तू म्हणशील, बघ, मी सांगत नव्हते? हो, सांगत होतीस. पोर उंच होतेय, जोर वाढतोय. मला भीती वाटते, अक्का. जिन्यावर आता मी तिला पुढे चालायला लावते. पण जिला चूक कळते, जी लोकांसमोर आपली चूक सांगते, तिला मी घराबाहेर काढणार नाही. जूनची जागा दुसऱ्या कुणाला तरी दे.

२७ एप्रिलला ये. तिला न्यायला येणार असशील तर येऊ नकोस. तिच्या मागे रांगेत उभी राहायला येणार असशील, तर आदल्या दिवशीच ये.

तुझी धाकटी,
एका पापी पोरीची आई,
मेधा