मातीला निघालेल्यांची गाडी

बाबा,

परवा तुमच्याच लाइनीवरून गेले आणि अजून किळस जात नाही. संडासाचं पाणी वाहत थेट आमच्या पायाखाली येत होतं. खिडकीच्या गजांवर तंबाखू-खर्‍याच्या पिचकार्‍या वाळलेल्या, आणि समोरचा एक जण मोबाइलवर मोठ्या आवाजात काहीबाही लावून स्वतःच हसत होता. तसं डब्यात सगळं आहे. पंखे, मऊ सीट, मोबाइल चार्ज करायची सोय. एक गोड आवाजाची बाई पुढच्या स्टेशनचं नाव सांगते आणि गाडी मात्र तिथे पोहोचायचं नाव घेत नाही. याला म्हणे सुधारणा.

तुमची छोटी गाडी सुखाची होती असं मी म्हणणार नाही. लाकडी बाकं, डोळ्यांत कोळशाची कणी, आणि मोहफुलांच्या टोपल्यांचा वास कपड्यांत मुरायचा तो दोन धुण्यांत जात नसे. सुट्टीत मी तुमच्यासोबत गार्डच्या डब्यात बसायची. कुणी मातीला निघालेलं असलं की आधीच्या स्टेशनवर येऊन तुमच्या कानावर घालायचं, आणि तुम्ही झेंडी दाखवून गाडी त्यांच्या गावाच्या पाऊलवाटेवरच थांबवायला लावायचे. स्टेशन असो की नसो. माहेरची लेक पोहोचल्याशिवाय तिकडे तिरडी उचलत नाहीत, हे अख्ख्या लाइनीला ठाऊक. एकदा कंटाळून मी म्हटलं, किती वेळा थांबता हो. तुम्ही सगळ्यांदेखत झापलं मला. "ज्याच्या घरी मयत हाये, त्याले घड्याळ नोको दाखवू." वरच्या साहेबांची बोलणी खायचे, पण तुमची झेंडी काही थांबली नाही.

परवा मामा गेला. आरमोरीहून जीप करू म्हणून मी मावशीच्या मागे लागले, तर ती ऐकेना. म्हणाली, "गाडी थांबते मातीवाल्याइसाठी. तुहा बापच तं थांबवत होता." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, रूळ बदलले, मामाच्या गावचं स्टेशन बंद पडलं, पण तिच्या डोक्यात गाडी तीच. मलाही वाटलं, आता गाड्या जोरात धावतात, सिंदेवाहीला उतरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर वेळेत पोहोचू. वडशाला गाडीत बसलो. मावशीच्या मांडीवर भावाच्या अंगावर टाकायचं कोरं कापड, घट्ट धरलेलं.

आणि गाडी थांबली, बाबा. नेमकी मामाच्या गावासमोर, त्या बंद पडलेल्या स्टेशनवर. आपल्यासाठी नव्हे, कोळशाच्या मालगाडीला वाट द्यायला. एक गेली, मग दुसरी. दारातून खाली पाहिलं तर फलाट उखडून टाकलेला, खडी पार खाली, आणि मावशीचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. डब्यातल्या गणवेशवाल्याला मी हात जोडून सांगितलं, हिला जरा खाली उतरवून द्या. इथं उतरायची परवानगी नाही, एवढं बोलून तो पुढे गेला, तोंडातला खर्रा न थुंकता. मामाच्या मुलाचा फोन आला. दिवस मावळायला आला, आता थांबता येत नाही म्हणाला. मी गाडी समोरच उभी आहे म्हणेपर्यंत रेंज गेली.

मग धानाच्या बांध्यांमधून तिरडी निघालेली आम्हाला दिसली. हाकेच्या अंतरावर. मावशीनं गजांतून हात बाहेर काढला, कापड हलवलं आणि "दादा, थांब ना रे" म्हणून ओरडू लागली. तिसर्‍या मालगाडीच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू जाणार. तिरडी झाडीआड गेली तरी ती ओरडतच होती. अख्खा डबा वळून पाहत होता, आणि त्या मोबाइलवाल्यानं मोबाइल तिच्याकडे धरला होता.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिते. घरी कुणाला सांगितलेलं नाही. त्या गाडीला मी अजून शिव्या देते. पण एक धक्का बसून ती चालू लागली आणि लोकांनी माना फिरवल्या, तेव्हा मला बरं वाटलं. मावशी आणखी थोडा वेळ ओरडली असती, तर मीच तिच्या तोंडावर हात ठेवला असता.