नळाचा आवाज

शनिवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? आम्ही मजेत. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

भिंगरीने सध्या अंघोळीशी असहकार पुकारलाय. नळ सुरू केला की कान घट्ट दाबते, नाहीतर पळत येऊन बंद करते. मला वाटलं, नाटकं. एकदा धपाटाही घातला. तिच्या बाबाला वाटलं, नळच आवाज करतो. प्लंबर तो! आधी वॉशर बदलला, मग अख्खा नळ. हो, हल्ली तो घरीच असतो. बांधकाम थांबलंय. म्हणजे, काम गेलंय.

मग ती शाळेत बोलेनाशी झाली. बाईंनी मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता तिच्याशी बाहुल्या खेळल्या. खेळता खेळता ही म्हणाली, "नळ सुरू झाला की आई-बाबा वाईट होतात."

ताई, धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. आम्ही पोरीसमोर कधी भांडत नाही, हे तुला किती तोऱ्यात सांगायचे मी! आम्ही न्हाणीघरात जाऊन भांडायचो. नळ सोडून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. रोज.

काल चहाच्या वेळी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. बाबाचं काम गेलंय, आम्ही घाबरलोय, म्हणून चिडतो. ती पायाचा अंगठा बघत राहिली. मग म्हणाली, "मी रोज अंघोळ केली तर मिळेल काम?"

तिचा बाबा उठून खिडकीशी गेला. "नाही गं राणी, तुझ्यामुळे काहीच झालं नाही," एवढंच मी पुन्हापुन्हा म्हणत राहिले. तिला पटलं का, कोण जाणे.

मागे फोनवर तू म्हणाली होतीस, पोरीला थोडे दिवस माझ्याकडे पाठव. नको. तूच ये. आता भांडलो तर उघड भांडू, तुला मध्ये बोलायला भरपूर वाव मिळेल.

थांब. ती आपण होऊन न्हाणीघरात गेलीय. नळ सुरू केला. बंद केला. परत सुरू केला. आम्ही दोघं इथे हूं की चूं न करता बसलोय.

आतून ओरडतेय, "गप्प का बसलात? बोला ना काहीतरी, मला ऐकू येऊ दे!"

ताई, लवकर ये.

तुझी,
धाकटी