एकही तारीख शिल्लक नाही

सोमवार, ३ मार्च
प्रसिद्धीवाल्या बाई नेमल्या. मी! वीस वर्षांत बावीस मालिकांत इन्स्पेक्टर झालो, प्रत्येक वेळी "तपास चालू आहे" म्हणालो आणि घरी आलो. ही म्हणाली, "निदान आता तुझा तरी तपास लागेल कुणाला." बायको म्हणून बरी आहे, धीर द्यायला ठेवू नये.

बाईंनी माझं वय चार वर्षांनी कमी केलं आणि नियम सांगितला — "आजपासून कुणालाही स्वतःहून फोन करायचा नाही. काम मागणाऱ्याचा भाव पडतो."

गुरुवार, ६ मार्च
फोटो काढले. खिडकीपाशी, हनुवटी वर, हातात बाईंचं पुस्तक. फोटोवाला म्हणाला, "सर, विचार करा." कसला करू? करायला बसलो तर चेहरा फोटोत घेण्यासारखा राहणार नाही.

मंगळवार, ११ मार्च
ढापण्याचा सिनेमा होतोय! पेपरातच वाचलं. ढापण्या म्हणजे आमच्या नाटकाच्या ग्रुपचा दिग्दर्शक, चष्म्याशिवाय स्वतःची चप्पल न सापडणारा. बारा वर्षांपूर्वी त्याच्या स्वयंपाकघरात ही संहिता वाचली होती. नजर जात चाललेला शिंपी. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारतो, कारण मात्र दरवेळी वेगळं सांगतो. शिंपी मी वाचला होता. वाचन संपल्यावर ढापण्याची आई ओट्यापाशी तशीच उभी राहिली होती, दूध उतू गेलं तरी.

ती भूमिका मला हवी. देवा, दुसरं काही नको. बावीसच्या बावीस इन्स्पेक्टर परत घे.

फोन हातात घेतला, मग बाईंना विचारलं. "मुळीच नाही! त्यांनाच करू दे."

रविवार, १६ मार्च
मुलाखत छापून आली. अर्धं पान! "डिसेंबरपर्यंत माझी एकही तारीख शिल्लक नाही, असं ते हसत हसत सांगतात." मी कुणाशी बोललोही नाही, हसणं तर लांबच. बाई म्हणाल्या, "अहो, रिकाम्या माणसाला कोण बोलावतं? दुकानात गर्दी दिसली की लोक आत शिरतात."

ताईचा फोन आला. "एवढं काम मिळालं आणि बहिणीला पेपरातून कळावं?" आनंदानं रडत होती. मी तेव्हा टॉवेल वाळत घालत होतो.

गुरुवार, २० मार्च
फोन नाही.

शनिवार, २२ मार्च
नाही. ही म्हणते, "कर ना त्याला फोन, मित्राची कसली लाज?" लाजेचा प्रश्न नाहीये. की आहे?

बुधवार, २ एप्रिल
घरातच. चित्रीकरणात बुडालेला माणूस भाजीवाल्यापाशी दिसता कामा नये — बाईंचा हुकूम. ही पिशव्या उचलून जिने चढते आणि मी पडदे ओढून बसतो. आज तिनं पिशवी टेबलावर आदळली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ४ एप्रिल
राहवलं नाही. केला ढापण्याला फोन.

"अरे, वहीत पहिलं नाव तुझंच होतं! पण मुलाखत वाचली. म्हटलं, नाही म्हणताना ओशाळशील उगाच, म्हणून विचारलंच नाही." शिंपी आता कुणी देखणा पोरगा करतोय, त्याचे चाहते लाखांनी आहेत. सोमवारी शूटिंग सुरू.

आणि मी काय म्हणालो? "हो ना रे, नुसती धावपळ चाललीय!" असंच म्हणालो! जीभ झडली कशी नाही! एक वाक्य, फक्त एक वाक्य खरं बोलायचं होतं. त्याला ते पटकन पटलं, म्हणजे छान वठवलं असणार.

न्हाणीघरात नळ सोडून रडलो. हिला ऐकू गेलंच.

शनिवार, १४ जून
ढापण्याचा फोन. "पोरगा दिसतो झकास, पण तोंड उघडलं की शिंपी मरतो. धावपळीतून दोन दिवस काढून आवाज तू देशील? नाव मात्र येणार नाही. आणि तूही कुठे, कधी सांगायचं..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो.