शत्रू हरल्यानंतर

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. दहावीत तुम्ही माझ्या ज्या उत्तराला शून्य मार्क दिले होते, तेच उत्तर मी आता पुन्हा लिहून बसले आहे. या वेळी चार पानं, इंग्रजीत, कोर्टासाठी. सोमवारी तारीख आहे. माझी तेरा वर्षांची लेक माझ्याजवळ इथे मॉरिसव्हिलमध्येच राहणार की तिचा बाबा तिला अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला घेऊन जाणार, ते त्या दिवशी ठरेल. मला अन्न जात नाही, बाई.

तो तास मला अजून दिसतो. भिंतीवर युरोपचा नकाशा, तुमच्या हातात ती पेन्सिल, एक टोक लाल, एक निळं. तुम्ही सांगताय: एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे रशिया आणि अमेरिका जर्मनीच्या भीतीने दोस्त होतात. दोन बाजूंनी लढत येतात, नदीकाठी त्यांचे सैनिक भेटतात, मिठ्या मारतात. मग शत्रू हरतो आणि धरून ठेवणारं काही उरत नाही. रशियाची गावंच्या गावं बेचिराख झालेली, त्याला शेजारी मुठीत हवेत, म्हणजे पुन्हा कोणी चालून येणार नाही. अमेरिका म्हणते, ज्याने त्याने आपलं सरकार निवडावं, बाजार खुला ठेवावा, तरच पुन्हा असं होणार नाही. त्यात तिने अणुबॉम्ब दोस्तापासून लपवलेला, आणि दोस्ताला तो हेरांकडून आधीच कळलेला. एक म्हणतो संरक्षण, दुसरा म्हणतो स्वातंत्र्य, आणि मधल्या बर्लिनचे तुकडे होतात. मी परीक्षेत लिहिलं, सगळा दोष रशियाचा. तुम्ही भर वर्गात पेपर परत दिलात. "हे भांडण झालं, इतिहास नाही झाला. समोरच्याची बाजू अशी लिही की त्याने वाचून म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं." मला तुमचा भयंकर राग आला होता. अमेरिकेला निघाले तेव्हा तीच पेन्सिल तुम्ही माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "दोन्ही टोकं सारखी झिजव."

लेक आठ वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. अडीच वर्षं आम्ही नवरा-बायको खांद्याला खांदा लावून लढलो. सकाळी तो हॉस्पिटलमध्ये, दुपारी मी. फ्रिजवर औषधांचा तक्ता, दोघांच्या अक्षरातला. तिचे केस गेले तेव्हा त्याने आपलेही काढून टाकले, आणि मी स्वयंपाकघरात हसत हसत त्याच्या टकलाला तेल चोळलं. "जिंकतोय आपण, यार," तो म्हणायचा. जिंकलो खरंच. आणि बऱ्या झालेल्या पोरीचं करायचं काय, यावरून आमचं फाटलं. मला मास्क हवा, गर्दी नको, साध्या शिंकेला रक्ततपासणी हवी. तो म्हणे, "लेट हर लिव्ह! हेल्दी आहे ती आता." त्याने मला न सांगता तिला पोहायला नेलं. मी त्याला न सांगता डॉक्टर बदलला. दोघांनीही एकमेकांचं लपवलेलं शोधून काढलं, आणि मग घरात लपवाछपवीच उरली. वर्षभरापूर्वी त्याने तिकडे क्युपर्टिनोत नोकरी धरली.

काल लेक किचन टेबलवर शीतयुद्धाचा होमवर्क करत होती. नकाशा रंगवायला तिला ड्रॉवरमध्ये तुमची पेन्सिल सापडली. लाल टोक बोटभर उरलंय, निळं जवळजवळ नवं.

"आई, हू स्टार्टेड इट?"

मी पोळी लाटत होते. "रशिया," मी फाडकन म्हणाले.

"डॅड सेड अमेरिका." ती रंगवत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "डिड एनीबडी आस्क बर्लिन?"

तव्यावरची पोळी करपली.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, त्याच्या सगळ्या चुका लिहा. लिहिल्या. लेक शाळेत गेल्यावर आज निळं टोक हातात घेतलं आणि तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं. एकच ओळ जमली: 'तिने पुन्हा पाण्यात उडी मारावी म्हणूनच तर आपण तिला वाचवलं ना?' हे वाचून तो नक्की म्हणाला असता, हो, मला हेच म्हणायचं होतं. त्याच्याखाली मला माझी बाजू लिहायची होती, खरी. ती अशी आहे. शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आल्याचं सांगताना तो फोनवर आनंदाने रडत होता आणि मला एकच सुचलं: हा आता माझ्याजवळ कशासाठी थांबेल? मास्क, तपासण्या हे सगळं लेकीसाठी होतं, की लढाई संपू नये म्हणून? मला खरंच सांगता येत नाही, बाई.

ती चार पानं मी तासाभरापूर्वी वकिलांना पाठवून दिली. निळी ओळ त्यात नाही.