आनंदरावांच्या दारासमोरचं टेबल

९ सप्टेंबर १९८१, बुधवार

झालं ते असं :
१. जनाबाई, वय अडतीस. मार्चमध्ये पाय सुजले म्हणून आमच्या दवाखान्यात आली. रक्तदाब २१०/१३०. लघवी नळीत तापवली – दह्यासारखी गोठली. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जात होती.
२. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लिहिल्या. समजावून सांगणं माझ्याकडे, प्रयोगशाळेच्या बाईकडे. कार्डावर लिहून दिलं : गोळी रोज, मीठ बंद.
३. जुलैत आनंदराव तिला म्हणाले, "डोकं दुखत नाही ना? मंग गोळी कायले खातेस?" आनंदराव डॉक्टर नाहीत. भंडाऱ्याला कुणाकडे कंपाउंडर होते. आता बाजारात दुकान, बाहेर पाटी, आत सुया.
४. ऑगस्टमध्ये दाब २३०/१४०.
५. रविवारी गेली. शेवटचे दोन दिवस लघवी झालीच नाही.
६. आनंदराव चारचौघांत म्हणाले, "सरकारी गोळीनं मारलं."

शेवटचं वाक्य त्यांना परत गिळायला लावीन.

११ सप्टेंबर

तक्रार लिहिली. जिल्हा आरोग्य अधिकारी, भंडारा. दोन पानं, एकही विशेषण नाही. तारखा पुरेशा आहेत. तेजरामची – जनाबाईच्या नवऱ्याची – सही हवी. तेरवी होऊ दे.

१५ सप्टेंबर, मंगळवार

बाजाराचा दिवस. डॉक्टरांची परवानगी घेऊन टेबल मांडलं. बरोबर आनंदरावांच्या दारासमोर – दहा पावलांवर. दाब मोजायचं यंत्र, स्पिरिटचा दिवा, नळ्या.

ते दारात येऊन उभे. "काय बाई, आज कोणाचं मूत शिजवून राहिल्या?"

हशा.

"ज्याचं आणाल त्याचं. तुमचंही चालेल."

आता हशा माझ्या बाजूला!

दोन नळ्या धरल्या. एक माझी. दुसरी शकुनबाईंची – जनाबाईची जाऊ, त्यांनाही तोच आजार. त्यांना विचारलं होतं, नाव घेतलं नाही. माझी स्वच्छ राहिली. दुसरी पांढरी होत गेली, वरून खाली.

"दाब दुखत नाही. गुर्दाही दुखत नाही. दुखेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. दुखत नाही म्हणून गोळी सोडायची नाही."

एक म्हातारे पुढे आले. "माहं बी पाहा जी."

संध्याकाळपर्यंत तेवीस जणांचा दाब मोजला. त्यांतले नऊ आनंदरावांच्या बाकावरून उठून आलेले. आनंदरावांनी चार वाजताच दार लावलं.

बरं वाटलं. खरं लिहायचं तर – फार बरं वाटलं.

२२ सप्टेंबर, मंगळवार

त्यांच्या बाकावर आज एकच माणूस. पुढच्या मंगळवारी तोही नको.

२४ सप्टेंबर

तेजरामकडे गेले. तक्रार वाचून दाखवली. सगळी ऐकली.

"सही नाही करत जी."

"घाबरता त्यांना?"

तेजरामनं पेटी उघडली. रिकाम्या कागदी पुड्या काढल्या – गोळ्यांच्या, नीट घडी घातलेल्या. सगळ्यांवर माझं अक्षर.

"एक बी नाही सोडली तिनं. आनंदरावले हो जी, हो जी म्हणे अन् घरी येऊन खाये. बाई रागावतीन म्हणे."

मोजल्या. मार्च ते सप्टेंबर, पुऱ्या.

"तुमचंच आयकलं बाई तिनं. सगळं."

आनंदराव ते बोलले, हे खरं. त्यामुळे ती गेली, हे खोटं. मग दाब वाढला कशानं?

२९ सप्टेंबर, मंगळवार

टेबल मांडलं नाही. शकुनबाईंचे पाय पुन्हा सुजले म्हणून त्यांच्या घरी गेले. दाब २००/१२०. गोळ्या चालू.

नवरात्राचा उपास. चुलीवर भगर. डब्यातून गुलाबी चुरा घेतला, मूठभर टाकला.

"हे काय?"

"सैंधव जी."

"मीठ बंद सांगितलं होतं ना!"

"हे मीठ कुठी होय? मीठ अस्तं तं उपासाले चाललं अस्तं का? तुमी बंद म्हटलं तवापासून आमी दोघीबी हेच खाऊन राहिलो. वरणात, भाजीत. देवाचं हाय, म्हून जरा जास्तच."

"जनाबाईसुद्धा?"

"तिनंच तं आणलं पयले."

सैंधव म्हणजे मीठच. रसायनशास्त्रात पहिल्या वर्षाला शिकले. घरी आई उपासाला वेगळ्या डबीत ठेवायची, तेही लहानपणापासून पाहिलं. दोन्ही माहीत असून कार्डावर दोनच शब्द लिहिले – मीठ बंद.

शकुनबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "तुमी उपास करत नसान बाई."

१ ऑक्टोबर

दाबाच्या सगळ्या रोग्यांच्या घरी जाऊन आले. चौदा घरांत सैंधव. चौघांनी मानलं. बाकीच्या दहा घरी एकच प्रश्न – "आनंदराव काय म्हणतेत?" वीस वर्षं यांच्या घरी येणारा तोच माणूस. मी इथे दीड वर्ष.

डॉक्टर म्हणाले, "जनाबाई तशीही गेली असती." असेल. तिचा दाब सैंधवाशिवाय किती राहिला असता, ते मी मोजलेलं नाही. म्हणून ते वाक्य मी वापरणार नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

आज दिलेल्या पत्राची नक्कल :

श्री. आनंदराव यांस,
सैंधव हे मीठच आहे. दाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी तेही खायचं नाही. दहा घरं हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मानणार नाहीत. शकुनबाईंचं घर त्यांतलं. त्यांना फार दिवस नाहीत. मंगळवारी माझ्या टेबलाशी बसा आणि तुमच्या बोलीत सांगा. जनाबाईला मी अर्धवट सांगितलं, हे आधी मी सांगेन. गोळी सोडायची नाही, हे नंतर तुम्ही सांगाल. तुमच्याविरुद्धची तक्रार नव्यानं लिहिली आहे. जे खरं तेवढंच ठेवलं, तेही पुरेसं आहे. अजून टपालात टाकलेली नाही. ही विनंती आहे. धमकी समजलात तरी हरकत नाही. खुर्ची मी आणीन. सोमवार, पाच तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावं.