सोळाचं कार्ड

जळगाव,
१२ ऑगस्ट १९९९

चि. अभिमन यास,

अक्काचा सप्रेम जयभीम. सुनंदाचा गुडघा काय म्हणतो? धुळ्यात तुझा कॉम्प्युटर क्लास जोरात चालला असणार, नाहीतर तीन महिन्यांत दोन ओळी तरी आल्या असत्या. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला तुझ्या दाजींनी सांगितलं आहे. ते समोरच बसले आहेत आणि पत्र संपलं की मला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे.

मार्चमधल्या लकव्याच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला, ते तुला माहीत आहेच. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो यांनी गल्लीतल्या कुत्र्याला देऊन टाकला. मग तुझ्या भाच्याने बंगलोरला जाताना मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ सापडला, आणि हे त्याला जे चिकटले ते चिकटलेच. भुसावळला बत्तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस. तिथे वळायचं काम रुळांकडे होतं, इथे स्वतः वळावं लागतं. रोज शेवटचा नंबर. पण बोटं हलायला लागली, आणि जूनमध्ये एक दिवस यांनी उजव्या हाताने वरणभात खाल्ला. मी नुसती वाढतच राहिले.

मग कॉम्प्युटरचा पडदा फडफडायला लागला. पितांबरशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस फोनवर म्हणाला, पडद्यावर चित्र उमटवणारं आतलं कार्ड काढा आणि त्याची सोनेरी कड साफ करून बघा. आता जळगावच्या बाईला सोनं साफ करायला कोणी शिकवायचं? शेजारच्या बेबाबाईंनीही कड पाहून सांगितलं, "अक्का, हाई तर सोनं शे!" मी रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने अख्खं कार्ड धुतलं आणि घाईत ओलसरच बसवलं. लखलखलं, आणि गेलं. ("मयताला घालतात तशी आंघोळ घातलीस," असं दाजी आत्ताही म्हणताहेत.) पंधरा दिवस झाले, चमचा पुन्हा डाव्या हातात गेला आहे. (हे वाक्य मी वाचताना गाळणार आहे.)

नवं कार्ड घ्यायला मीच गेले. कॉन्व्हेंटमध्ये मदरांनी छडीने शिकवलेल्या इंग्रजीच्या जोरावर खोक्यांवरचं सगळं वाचलं. एकेक शब्द ओळखीचा, पण सगळे एकत्र आले की परके. चार एमबी, आठ एमबी, सोळा एमबी! शेवटी सराफाला विचारतात तसं विचारलं, वापरायचं कुठलं आणि मिरवायचं कुठलं? पितांबरशेठ म्हणाले, "मिरवायला सोळाचं, वापरायला आठचं, आणि तुमच्या मशिनच्या वयाला शोभेल ते चारचं." मी आठचं पसंतीला म्हणून दोन दिवस घरी आणलं.

लावल्याबरोबर हे ओरडले, "अगं, झाडांना पानं आहेत!" इतके दिवस आम्ही त्यांना खांब समजत होतो. पण शर्यत सुरू झाली आणि यांचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आत गाडी नदीत. तीनदा नदीत. यांचं मत पडलं, कार्ड हलकं आहे. आठचं परत गेलं. आता हुकूम असा आहे, की पुढच्या रविवारी तू धुळ्याहून चांगलं पारखून सोळाचं कार्ड घेऊन यावंस. सुनंदालाही आण.

तुझी,
अक्का

ता. क. पत्र वाचून दाखवलं. "बरं लिहिलंस" म्हणाले आणि काठी घेऊन चौकापर्यंत गेले. आता खरं लिहिते. सोळाचं आणू नकोस. जुन्या कार्डावर गाडी अडखळत, दम खात चालायची, म्हणून यांचं बोट वेळेवर पोचायचं. तो बिघाड नव्हता रे, तेच औषध होतं. तुझ्या क्लासमध्ये काढून टाकलेली कार्डं पडली असतील, त्यांतलं सगळ्यात मंद निवड. दोन-तीन लावून बघ, पण मंदच हवं. आणि सोळाच्या नव्या खोक्यात घालून आण.

ता. ता. क. ते विचारतील, गाडी आता हळू का वाटते? तेव्हा सांग, "दाजी, गाडी तीच आहे, तुमचा हात जलद झालाय." हे तूच सांग. मी सांगायला गेले तर माझा आवाज कापेल, आणि त्यांना सगळं कळेल.