भावोजींची कवळी आणि ड्रॅगनचे सुळे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की सध्या मान वर करायची सोय राहिलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भाचीची परीक्षा नीट पार पडली ना? आमच्याकडे सगळे ठीक. बायको माझ्याशी बोलते, पण बोलता बोलता तोंडाला पदर लावते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. भावोजींची खुशाली विचारायची माझी हिंमत नाही. ते माझ्याशी बोलायला तयार नाहीत, असे तू फोनवर म्हणालीस. त्यावर, दातांशिवाय माणूस बोलणार तरी कसा, हे मी म्हणायला नको होते. तू फोन आपटलास ते योग्यच केलेस. म्हणून हे पत्र. (पत्रही फाडता येते म्हणा, पण तू आधी शेवटपर्यंत वाचशील आणि मग फाडशील, तेवढे मी तुला ओळखतो.) तू कायमची रागावण्याआधी खरे काय ते तुला कळावे, एवढीच इच्छा.

गेली एकोणतीस वर्षे मी आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या घडवतो, हे तुला ठाऊक आहे. मेण, प्लास्टर, कानस आणि खिडकीत रांगेने वाळत ठेवलेले लोकांचे जबडे, एवढाच माझा संसार. तुला ठाऊक नाही ते असे की, दर शनिवारी दुपारी मी पाठीच्या व्यायामाला जातो ही थाप आहे. माझी पाठ ठणठणीत आहे. मी वाचनालयात जातो. तिथल्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण जमतो आणि ड्रॅगन, चेटकिणी, उडते घोडे, बोलकी झाडे यांवर तावातावाने भांडतो. एक बस कंडक्टर आहे, एक वकील आहेत, शिवणकाम करणाऱ्या एक आजी आहेत. उडत्या घोड्याला नाल ठोकावेत की नाही, यावर गेल्या महिन्यात वकिलांनी पाऊण तास युक्तिवाद केला आणि आजींनी सुईत दोरा ओवता ओवता त्यांना दोन वाक्यांत गार केले. शेवटचा तास मुलांचा. त्यांना मी एक लांबलचक गोष्ट सांगतो, दर आठवड्याला थोडी थोडी. (गोष्ट माझी स्वतःची. मुले जीव टाकतात.)

ताई, मी चौपन्न वर्षांचा आहे. माझ्या कपाटात 'जबड्याचे विकार, भाग एक ते सोळा' असे पुठ्ठे चढवलेली जी पुस्तके तू पाहिलीस आणि 'किती अभ्यास करतोस रे' म्हणालीस, त्यांत विकार झालेला जबडा एकही नाही. सगळे जबडे ड्रॅगनचे आणि धडधाकट. का लपवले म्हणशील, तर भावोजी दर भेटीत चारचौघांत विचारतात, "काय शालकबुवा, राक्षस-पऱ्या सुटल्या की नाही अजून?" मग सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्याने मीच हसतो. आणि तू हळूच म्हणतेस, "मोठा हो रे आता." भावोजींचे मनावर घेत नाही, ते मुख्याध्यापक होते, जगाला वर्ग समजतात. तुझे मात्र लागते.

असो. आमच्या ग्रंथपालबाईंनी कागदाच्या लगद्याचे ड्रॅगनचे मुंडके केले आणि दातांवर येऊन त्या अडल्या. आता दात म्हणजे माझा प्रांत. मी बोलून बसलो की अस्सल सुळे करून देतो, आणि लागलो कामाला. पण आमच्या डॉक्टरीणबाईंचा नियम असा की डब्यावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर माणसाचे नाव असल्याशिवाय खोलीत काहीही घडवायचे नाही. चिठ्ठीवर 'ड्रॅगन' कसे लिहिणार? नात्यातल्यांचे काम करायला बाईंची परवानगी असते. म्हणून मी शहाण्याने भावोजींचे नाव लिहिले. त्याच आठवड्यात भावोजींची खरी कवळी पूर्ण झाली. झाले! एकाच नावाचे दोन डबे. एक तुमच्याकडे पोस्टाने, एक वाचनालयात हातोहात, एवढे सांगून मी जेवायला गेलो. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी भावोजींना एकदा पाहिलेले आहे. मोठ्या माणसाचा डबा मोठाच असणार, असे ठरवून त्यांनी मोठा तुमच्याकडे धाडला. यात त्यांचा काडीचा दोष नाही. लपवाछपवी माझी, तिची फळेही माझीच.

शनिवारी वीस-पंचवीस मुले दाटीवाटीने बसली होती. ग्रंथपालबाईंनी चादर ओढली. लाल डोळे, हिरवे खवले, फेंदारलेल्या नाकपुड्या, आणि त्यांखाली भावोजींचे दात! पांढरे, एका रेषेतले, पुढच्या दोन दातांत ती बारीक फट, जी 'माझी होती तश्शी पाहिजे' म्हणून त्यांनी मला तीनदा करायला लावली. गाव जाळायला निघालेला ड्रॅगन असा काही दिसेना. गृहपाठ तपासायला निघालेला दिसू लागला. मग पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्ते सर." तिच्यामागे सगळी मुले उभी राहिली. ताई, भावोजींचा दरारा दातांतच आहे, हे मला त्या दिवशी कळले. (कवळी काढून घ्यावी म्हटले, तर ग्रंथपालबाईंनी ती अशा गोंदाने चिकटवलीय की आता तिच्यासोबत मुंडकेच यायचे. आणि मुले ती काढूच देत नाहीत.)

त्याच दिवशी तुमच्याकडे काय झाले ते भाचीने कळवले. सत्काराचे आमंत्रण घेऊन आलेले जुने विद्यार्थी समोर बसलेले, भावोजींना चष्मा सापडेना, आणि नव्या दातांनी बोलायची घाई. वरचा सुळा नाकात गेला तेव्हा एक मोठा अधिकारी झालेला विद्यार्थी गॅलरीत पळाला म्हणे. मी हसलो नाही. (हसलो. पण नंतर वाईट वाटले.)

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बोलावून विचारले. काहीतरी थाप जिभेवर आली होती. पण एका थापेने माझ्याच भावोजींचे दात घालवले होते, दुसरीला धीर होईना. म्हणालो, "बाई, मला ड्रॅगनच्या गोष्टी आवडतात. लहानपणापासून. अजूनही, आणि पहिल्यापेक्षा जास्त." बाईंनी भाचीने धाडलेला सुळ्यांचा फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "धार छान आहे. पण वरचे खालच्यावर नीट बसत नाहीत. उपाशी मरेल बिचारा." संपले! एवढ्यासाठी मी एकोणतीस वर्षे पाठ धरून फिरत होतो!

त्या संध्याकाळी मी सोळाही पुठ्ठे काढून टाकले. आता कपाटात पुस्तके आपापल्या नावाने उभी आहेत आणि मला फार बरे वाटते. बायको त्यातला तिसरा भाग वाचते आहे, जेवायला हाका माराव्या लागतात. भावोजींनी पुढच्या वेळी विचारले, तर मी सांगणार की सुटल्या नाहीत, सुटणारही नाहीत. फक्त तू त्या वेळी 'मोठा हो' म्हणू नकोस.

भावोजींचा साचा माझ्याकडे होताच. दोन दिवस बसून नवी कवळी केली, ती सोबत पाठवतो आहे. स्वतः बांधली, स्वतः चिठ्ठी लावली. रविवारच्या सत्काराला त्यांनी खुशाल तासभर बोलावे. त्यांना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
वेडा ठरलेला आणि ते कबूल असलेला धाकटा

ता. क. सुळे परत पाठवायची घाई नाही. भावोजींनी ते वर्तमानपत्रावर ठेवायला घेतलेत आणि कुणाला हात लावू देत नाहीत, असे भाची म्हणते.

ता. क. दुसरा. वर सगळे खरे लिहिले, एक सोडून. मुलांना सांगतो ती गोष्ट माझी नाही, तुझी आहे. मला गोवर आला होता, तुला खोलीत येऊ देत नव्हते, आणि तू अकरा वर्षांची पोर दाराबाहेर फरशीवर बसून एकोणीस दिवस मला सावली हरवलेल्या राणीची गोष्ट सांगत होतीस. मी बरा झालो, दार उघडले, आणि तू गोष्ट अर्ध्यावरच थांबवलीस. मी ती माझ्या नावावर खपवत आलो, आणि गेल्या शनिवारी ती तिथेच येऊन संपली. राणी पुलावर उभी आहे. पुढचे मी तीन वेळा रचून पाहिले. ती 'नमस्ते सर'वाली म्हणाली, हे वेगळ्याच कुणीतरी सांगितल्यासारखे वाटते. ताई, शनिवारी तीन वाजता ये. एवढ्या लोकांसमोर सांगायला लाज वाटली तर मी मुलांना घेऊन आत बसतो आणि दार लावून घेतो. तू बाहेरून सांग.